पुढ्यात वाढलेलं आधी खा

गेल्या वर्षी मिशन रविवारच्या आदल्या आठवड्यात मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारलं, "मिशनरी म्हणजे कोण रे?" एक मुलगा म्हणाला, "लांबून येतात ते फादर." एक मुलगी म्हणाली, "संत फ्रान्सिस झेवियर, गोव्याचा." तिसऱ्याने जरा आवाज खाली आणून सांगितलं, "जे लोकांना ख्रिस्ती करतात ते." मी कुणालाच चूक म्हटलं नाही. ही उत्तरं मुलांनी घरून आणली होती, आणि ती घरं आपलीच होती.

ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार जगभर मिशन रविवार म्हणून पाळतात. पोप अकरावे पायस यांच्या काळात, १९२६ साली तो सुरू झाला. आपण पाकिटात पैसे घालतो, ते लांबच्या गरीब धर्मप्रांतांकडे जातात, आणि ते गेलेच पाहिजेत. पण पाकीट चिकटवलं की मिशनशी असलेला आपला संबंध वर्षभरासाठी मिटतो, याची मला खंत वाटते. म्हणून हा लेख सावंतवाडी आणि आसपासच्या ख्रिस्ती घरांसाठी आहे. तुमचं घर माठेवाड्यात असो, चराठ्यात असो, बांद्याच्या वाटेवर असो की दाणोलीला घाटाच्या पायथ्याशी, तुमच्या कुंपणाला लागून जे घर आहे तेच तुमचं मिशनक्षेत्र, असं मी मानते. आणि तिथे काय करायचं, कसं करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे या लेखात सांगायचं आहे.

मुलांच्या उत्तरातला फ्रान्सिस झेवियर बरोबरच होता. पण मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून १९२७ साली चर्चने त्याच्या जोडीला आणखी एक नाव दिलं, लिझ्यूच्या संत तेरेसेचं. ही पोर पंधराव्या वर्षी मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी तिथेच क्षयाने वारली. मठाच्या भिंतीबाहेर तिने पाऊल टाकलं नाही. तिने काय केलं? एका म्हाताऱ्या, दुखण्याने चिडक्या झालेल्या सिस्टरला रोज संध्याकाळी हाताला धरून जेवणघरात न्यायचं काम तिने मागून घेतलं. त्या सिस्टरला कुणाचंच काही पटत नसे. भराभर नेलं तर ओरडायची, सावकाश नेलं तरी ओरडायची. तेरेसा तिला बसवायची, तिच्या बाह्या सारख्या करायची, आणि जाताना हसून जायची. चर्चने समुद्र ओलांडणाऱ्या झेवियरच्या शेजारी या मुलीला बसवलं, त्यामागचा विचार आपण नीट मनात घेतलेला नाही.

शिष्यांना काय सांगून पाठवलं होतं

लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. येशू बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो. त्याच्या सूचना थोडक्यात अशा: पैशाची पिशवी घ्यायची नाही, झोळी नाही, वहाणा नाहीत. ज्या घरात जाल तिथे आधी शांती चिंतायची. त्याच घरात राहायचं, घरं बदलत फिरायचं नाही. जे पुढ्यात येईल ते खायचं. आजाऱ्यांना बरं करायचं. आणि त्यानंतर देवाचं राज्य जवळ आल्याचं सांगायचं.

कितीतरी वर्षं मी हा उतारा वाचत आले, पण त्यातल्या क्रमाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. बोलणं सगळ्यात शेवटी आहे. त्याच्या आधी जेवण आहे, मुक्काम आहे, आजाऱ्याची सेवा आहे. आणि या सगळ्याच्या आधी रिकामे हात आहेत. ज्याच्याकडे पिशवी नाही त्याला यजमानाकडे मागावंच लागतं. येशूने आपली माणसं गावात पाहुणे म्हणून, उपकार घेणारे म्हणून पाठवली. तो स्वतःही शोमरोनी बाईशी बोलला तो विहिरीवर तिच्याकडे पाणी मागून.

आपण हे उलटं करतो. आपल्याला द्यायला आवडतं. गरजूंना कपडे, नाताळात केक, आजाऱ्याला फळं. पण ज्याला आपण नुसतं देतच राहतो तो मनातून आपल्यापासून लांब सरकतो, कारण देणाऱ्याचा हात कायम वर असतो. शेजारधर्म म्हणजे कधी तुमचा हात वर, कधी माझा. मिशनची सुरुवात म्हणून मी पहिली सूचना ही करीन: येत्या महिन्यात शेजाऱ्याकडे काहीतरी मागा. विळी मागा, शिडी मागा, आंब्याला कुठलं खत घालता ते विचारा, लोणच्याचं प्रमाण विचारा. गरज खरी असावी एवढंच.

खरं तर आपल्याला हे जड जायला नको. आपल्यातल्या बऱ्याच घराण्यांचे पूर्वज गोव्यातून इकडे आले. कुणी इन्क्विझिशनच्या, त्या धर्मन्यायालयाच्या भीतीने आले. ते गोव्यात १५६० साली सुरू झालं आणि मधल्या थोड्या खंडासह १८१२ पर्यंत चाललं. कुणी करांच्या ओझ्याने आले, कुणी पोटासाठी. सावंत-भोसल्यांच्या मुलखात त्यांना जागा मिळाली, कसायला जमीन मिळाली, शेजार मिळाला. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा सावंतवाडीचं मिलाग्रीस चर्च त्याचं कॅथेड्रल झालं. त्या चर्चच्या नावाने चालणाऱ्या शाळेत सगळ्या धर्मांची मुलं एका बाकावर बसतात. आज आपण इथे ताठ मानेने उभे आहोत ते आपल्याला कुणीतरी पूर्वी वाढलं म्हणून.

मिलाग्रीस सायबिणीचं नाव घेतलं की म्हापशाची सायबीण आठवते. तिची आणि शिरगावच्या लईराई देवीची गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्या सात बहिणींपैकी दोघी. म्हापशाच्या फेस्ताला देवळाकडून सायबिणीला तेल येतं, चर्चकडून देवीला फुलं जातात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना मरियेबद्दल चर्चची शिकवण सांगते, त्यात ही कथा येत नाही. पण दोन समाजांनी आपल्या माउल्यांना बहिणी म्हणावं आणि ते नातं तेला-फुलांनी सांभाळावं, यात शेजारधर्माचा जो समंजसपणा आहे तो मला आदराने घ्यावासा वाटतो. या मातीत हे आधीपासून आहे. आपल्याला नव्याने पेरायचं नाही.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आईला बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागलं. नऊ दिवस आम्ही सगळे तिकडेच होतो. घराला कुलूप. परत आलो ती संध्याकाळची वेळ होती. रिक्षातून उतरतानाच मला अंगणातल्या खुरसापुढे उजेड दिसला. मातीची पणती होती, आमच्याकडे नसते तशी, आणि खाली चौथऱ्यावर तेलाचे नऊ दिवसांचे डाग एकावर एक पडले होते. शेजारच्या काकी रोज आपल्या तुळशीकडे दिवा लावल्यावर तीच काडी घेऊन कुंपणाच्या खिंडीतून आमच्याकडे येत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "दिवो लागलो नाय तर आंगण बरा दिसना नाय." एवढंच. त्यांनी माझ्या खुरसाला दिवा लावला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि मी तो लावू दिला म्हणून माझा विश्वास पातळ झाला नाही. पण त्या दिवसापासून त्या घराला मी काही सांगितलं तर ते ऐकलं जातं. त्यांनी मला वाढलं होतं आणि मी ते घेतलं होतं, म्हणून.

चतुर्थीचं ताट, नाताळचं ताट

आता रोजच्या व्यवहाराकडे येते. आपल्या जिल्ह्यात चतुर्थीइतका मोठा सण नाही. मुंबईचे चाकरमानी येतात, माटवी सजते, रात्री भजनं होतात. शेजारून करंज्या, मोदकांचं ताट येतं. इथे बऱ्याच ख्रिस्ती घरांत गोंधळ उडतो. प्रसाद घ्यावा की नाही? काही जण ताट हसून घेतात आणि पाठमोरं झाल्यावर ते कोंबड्यांपुढे टाकतात. हे मात्र कृपा करून करू नका. घेऊन टाकणं हा अन्नाचा अपमान आहे आणि माणसाशी खोटेपणा आहे. लहान मुलं हे बघत असतात, आणि मुलांकडून शेजारच्या घरी ते कळतंच.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला याच प्रश्नावर लिहिलं आहे, पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यातलं शंका न काढता खावं. मात्र हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनाचा विचार करून थांबावं. या विषयावर आपल्या समाजात दोन मतं आहेत, आणि ज्याचं मन मानत नाही त्याच्यावर कुणी जबरदस्ती करू नये. ज्यांचं मन मानतं त्यांनी खावं आणि आभार मानावेत. ज्यांचं मन मानत नाही त्यांनी तोंडावर, नम्रपणे सांगावं: काकी, देवापुढचं आम्ही घेत नाही, पण तुमच्याकडे चहा घेतल्याशिवाय मी जाणार नाही. आणि मग खरंच बसावं, घाई न करता. भजन चालू असेल तर ओसरीवर बसून ऐकायला काही हरकत नाही. नाकारण्यातही नातं राहतं, जर नाकारणारा बसला तर.

नाताळात आपली पाळी. कुस्वाराचं ताट शेजारी पाठवताना मी एकदा मोठी चूक केली. मार्गशीर्षातला गुरुवार होता, काकींचा महालक्ष्मीचा उपास, आणि मी अंडं घातलेला केक घेऊन दारात उभी. त्यांनी तो घेतला, झाकून ठेवला आणि शुक्रवारी नातवंडांना दिला. मला हे वर्षभराने कळलं, तेही दुसऱ्याकडून. त्यानंतर मी कॅलेंडर बघून ताटं पाठवते. मार्गशीर्ष बहुधा नाताळाच्या आसपासच येतो, त्यामुळे गुरुवार टाळा. कोण सोमवार पाळतं, कोण शनिवार, हे शेजाऱ्याला माहीत असायलाच हवं. बिबिंकात अंड्याचं पिवळं असतं, कलकलांतही पुष्कळ घरी अंडं घालतात. दोदोलात तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गूळ, त्यामुळे तो कुठल्याही घरी चालतो. मुसलमान शेजाऱ्याला केक द्यायचा असेल तर रम न घातलेला वेगळा करा, आणि तो वेगळा केला आहे हे सांगून द्या. नेवऱ्यांचं तर विचारायलाच नको. चतुर्थीला काकींकडची नेवरी, नाताळाला आपल्याकडची, आतलं सारण जवळपास तेच. माझ्याकडे आता दोघी मिळून नेवऱ्या करतो, आधी त्यांच्या, मग माझ्या. मुरड त्यांची सुरेख पडते, माझी अजून सुटते.

लादाईनीचंही असंच. वाडीतल्या खुरसाकडे लादाईन असते तेव्हा नुसतं चणे वाटायला शेजाऱ्यांच्या मुलांना हाक मारू नका. आदल्या दिवशी घरी जाऊन मोठ्यांना बोलवा. प्रार्थना चालू असताना त्यांना काय चाललं आहे ते दोन वाक्यांत कुणीतरी सांगावं. बसायला पुढे जागा ठेवावी.

बांबोळीला नेलं

आपल्या भागात "बांबोळीला नेलं" एवढे दोन शब्द ऐकले की घरात शांतता पसरते. इथल्या डॉक्टरांनी गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं, म्हणजे दुखणं मोठं आहे हे सगळ्यांना कळतं. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत साठेक किलोमीटरची वाट. बहात्तर शिष्यांना सांगितलेलं आजाऱ्यांचं काम आपल्यासाठी या वाटेवर आहे.

रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाला काय लागतं ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. आपल्यातल्या पुष्कळांना कोंकणी येते, गोव्यात नातेवाईक असतात. शेजाऱ्याबरोबर पहिल्या दिवशी तुम्ही गेलात तर खिडकीवर विचारपूस करणं, रक्ताची सोय बघणं, जवळपास झोपायला जागा शोधणं त्याला सोपं जातं. म्हापशात-पणजीत तुमची मावशी राहत असेल तर तिला फोन करा, एक डबा तिच्याकडून जाऊ दे. आणि जे वाडीत मागे राहिले त्यांचं बघा. गुरांना वैरण कोण घालतं, म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या का, मुलांची परीक्षा आहे का. हे करताना फोटो काढू नका. कुणाच्या दुखण्याचा फोटो धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं मला चोरीसारखं वाटतं.

प्रार्थनेबद्दल विचारतात. आजाऱ्याजवळ मोठ्याने प्रार्थना सुरू करू नका. आधी विचारा, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? बहुतेक जण हो म्हणतात, कारण दुखण्यात माणूस कुठल्याही देवाची कृपा नाकारत नाही. नेमकं म्हणूनच जपून. जो नाही म्हणण्याच्या स्थितीत नाही त्याच्याकडून हो काढून घेऊ नये. दोन मिनिटं, हलक्या आवाजात, त्याच्या भाषेत. बाकीची जपमाळ घरी म्हणा, त्याचं नाव घेऊन.

आपल्या भूमीतला जुझे वाझ, जो २०१५ साली संत झाला, त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. बाणावलीला १६५१ साली जन्मलेला हा गोव्याचा धर्मगुरू मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरला. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. शहर सोडून लोक पळाले, आजारी रस्त्यावर पडले. वाझ आणि त्याचा सहकारी त्यांना उचलून झोपड्यांत ठेवत होते, पेज भरवत होते, मेलेल्यांना मूठमाती देत होते. आजारी बहुतेक बौद्ध होते. तिथल्या राजाने त्यानंतर त्याला राज्यात मोकळेपणी फिरायची मुभा दिली. पेज आधी, मुभा नंतर. जवळचं उदाहरण हवं तर वेंगुर्ल्याला सेंट लूक्स हॉस्पिटल आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉ. गोहीन यांनी तिथे कितीतरी वर्षं काम केलं.

मरणाच्या घरी लगेच जा, आणि तिथे बोलू नका. पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. पेज, चटणी, चहाचा थर्मास घेऊन मागच्या दाराने जा. मेलेला आता कुठे गेला असेल याबद्दल तुमचं मत त्या दिवशी कुणालाही नको असतं.

मदतीला अट नाही

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण दिवस संशयाचे आहेत आणि तो संशय कधी आपल्याच माणसांच्या वागण्यानेही वाढला आहे. मदत आणि धर्म यांची गाठ मारायची नाही. मिस्सेला आलात तर फी भरू, प्रार्थनेला बसलात तर औषध देऊ, असं उघड कुणी म्हणत नसेल, पण सुचवलं जातं. हे पाप आहे. कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेचा २५वा अनुच्छेद प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो. त्याचबरोबर प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं आहे. पण मला कायद्याच्या भीतीने हे सांगायचं नाही. ज्याच्या मदतीत गळ आहे त्याच्या घरचं पाणी पिताना शेजाऱ्याला विचार करावा लागतो, आणि मग शेजारच संपतो. तुमच्या मनाची परीक्षा सोपी आहे. हा माणूस जन्मभर कधीही चर्चच्या पायरीवर येणार नाही असं आज कळलं, तरी उद्या सकाळी मी त्याच्यासाठी हेच करीन का?

त्याच घरात राहा

घरं बदलू नका, ही सूचना मला सगळ्यात कठीण वाटते. आपण उपक्रम करतो आणि सोडतो. शेजार हा उपक्रम नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावोगाव ओढ्यांवर रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. ते श्रमदान बहुधा रविवारी असतं आणि आपली माणसं मिस्सेचं कारण सांगून चुकवतात. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जा आणि रविवारी पोती उचला. ग्रामसभेला जा, शाळेच्या व्यवस्थापन समितीत नाव द्या, बचत गटाचा हिशेब नीट लिहा. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी आणि हिरवाई वाचवायला हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा त्यात सगळ्या धर्मांचे शेतकरी होते. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, त्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्यांना आपलं म्हटलं होतं.

आणि स्वतःच्या अंगणात बघा. आपल्यात जात नाही, असं आपण सांगतो. सोयरीक जुळवताना मात्र कुणाचं घराणं कुठलं हे आधी विचारतो. चतुर्थीला शेजारच्या मोठ्या घरी जाणारे आपण वाडीच्या टोकाच्या दलित घरी पाणी प्यायलो आहोत का? लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घरात नसेल तर आणा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. कोकणातल्या करजगावात जन्मलेल्या या नवऱ्यापासून लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग परत आल्या, तरी त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं, स्वयंपाक वेगळा होता. पुढे विचार करता करता त्यांना कळून आलं की जाती माणसाने केल्या, आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा त्याच्या नंतरचा, १९०० सालचा. पाणी आधी पोटात गेलं, मग डोक्यावर आलं. टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती.

मग बोला

इतकं झालं की लोक आपणहून विचारतात. काकींनी मला विचारलं होतं, आईच्या जाण्यानंतर, "तुमी इतकी शांत कशी गे?" अशा वेळी गप्प बसणं हा नम्रपणा नव्हे. विश्वासाचं कारण विचारणाऱ्याला सौम्यपणे आणि आदराने उत्तर द्यायला तयार असावं, असं संत पेत्राने सांगितलं आहे. उत्तर लहान असावं आणि स्वतःचं असावं. "येशू रडला होता मित्राच्या कबरीपाशी, म्हणून मी पण रडले, आणि तो उठला म्हणून मला धीर आहे," एवढं मी मालवणीतच म्हटलं. तारण, कृपा, पुनरुत्थान हे शब्द चर्चमध्ये आपल्या तोंडी सहज येतात, पण ओट्यावर बसलेल्या बाईला ते पुस्तकी वाटतात. दुसऱ्याच्या देवाशी तुलना करू नका. व्हॉट्सॲपवर आलेल्या खवचट संदेशाला गटावर उत्तर देऊ नका. ज्याने पाठवला त्याच्या घरी संध्याकाळी जा, आणि त्याच्या आईची चौकशी करा.

येत्या आठवड्यापासून काय करता येईल, ते सांगून थांबते. आपल्या वाड्यांत म्हातारी माणसं एकटी राहतात. मुलं मुंबईला, आखातात, नाहीतर पहाटे मोटारसायकलने गोव्याला कामावर. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुमच्या घराच्या दोन्ही बाजूंना असं कुणी असेल तर मिशन रविवारच्या मिस्सेनंतर घरी जाऊन विचारा. आधार कार्ड, पेन्शनचा पीपीओ नंबर, बँकेचं पुस्तक आणि आधारला जोडलेला मोबाईल, इतकं बरोबर घ्या. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं काजू कारखान्यात हाताने बिया फोडल्या त्यांची बोटं टरफलाच्या तेलाने झिजलेली असतात. यंत्रावर ठसा उमटत नाही, रेशनलाही हीच अडचण येते. हयातीचा दाखला आता चेहरा दाखवूनही मोबाईलवर काढता येतो, त्यासाठी अंगणात, उजेडात खुर्ची टाका. त्यांना डोक्यावरचा पदर नीट करायला वेळ द्या. आणि काम झाल्यावर चहा ठेवते म्हणाल्या तर घाईने उठू नका.